इंग्लंडमधल्या फ्लॅटचा सर्व्हिस चार्ज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पश्चिम लंडनमधल्या चोवीस फ्लॅटच्या एका इमारतीत मी गेली बारा वर्षं राहते. पहिली चार वर्षं सर्व्हिस चार्जचं, म्हणजे इमारतीच्या दुरुस्ती, विमा, साफसफाईच्या खर्चातल्या माझ्या वाट्याचं, बिल आलं की मी ते मुकाट्याने भरायचे. एका वर्षी रक्कम एकदम दीडपट झाली, तेव्हा पहिल्यांदा लीज (फ्लॅटचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा) उघडून वाचली. तेव्हापासून ओळखीतली अनेक मराठी कुटुंबं आपापली बिलं घेऊन येतात. हॅरो, हाउन्स्लो, स्लाव, क्रॉयडन अशा ठिकाणी त्यांनी फ्लॅट घेतलेले असतात, आणि त्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून ते एकत्र करून लिहिले आहेत. कायद्याचा तपशील इंग्लंडचा आहे. वेल्समध्ये बराचसा कायदा तोच आहे, पण ट्रायब्युनल (असे वाद सोडवणारं न्यायाधिकरण) वेगळं. स्कॉटलंडची पद्धत पूर्ण निराळी, त्यामुळे तिथल्यांनी हे वाचून निर्णय घेऊ नये.

पुण्यात आम्ही सोसायटीला मेंटेनन्स देत होतो. हे तेच ना?

नाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. आपल्याकडे सोसायटी सभासदांची असते. वार्षिक सर्वसाधारण सभेत कितीही भांडणं झाली तरी शेवटी मतदान आपणच करतो, सेक्रेटरीही आपल्यातलाच असतो. इंग्लंडमध्ये फ्लॅट 'विकत घेतला' असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात घेतलेली असते ती ९९, १२५ किंवा ९९९ वर्षांची लीज. इमारत आणि जमीन फ्रीहोल्डरच्या मालकीची राहते. दुरुस्ती, विमा, साफसफाई कुणाकडून आणि किती पैशांत करून घ्यायची हे तो ठरवतो, किंवा त्याने नेमलेली मॅनेजिंग एजंट कंपनी ठरवते. खर्च मात्र सगळा लीजहोल्डर भरतात. निर्णय घेणारा वेगळा आणि पैसे देणारा वेगळा, म्हणून खर्च आटोक्यात ठेवण्याची घाई कुणालाच नसते. ही ओढाताण ओळखूनच इथल्या संसदेने १९८५ चा लँडलॉर्ड अँड टेनंट अॅक्ट केला. हिशेब मागायचा, प्रश्न विचारायचा, नाहीच पटलं तर ट्रायब्युनलकडे जायचं, हे हक्क प्रामुख्याने त्यात आहेत.

काही इमारतींत रहिवाशांनी मिळून कंपनी काढून फ्रीहोल्ड विकत घेतलेलं असतं. तिथलं वातावरण आपल्या सोसायटीच्या जवळ जातं. पण कायद्याचे नियम तिथेही लागू असतात, आणि शेजारीच संचालक असल्यामुळे हिशेब मागताना जरा जास्त संकोच वाटतो. तो बाजूला ठेवावा.

बिल आल्यावर सगळ्यात आधी काय पाहू?

रक्कम नंतर पाहा, आधी कागद पाहा.

बिलावर फ्रीहोल्डरचं नाव आणि पत्ता हवा, नुसतं एजंटचं नाव चालत नाही. १९८७ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट अॅक्टचं कलम ४७ हे सांगतं. नाव-पत्ता नसेल तर तो दिला जाईपर्यंत सर्व्हिस चार्जची रक्कम देय होत नाही. दुसरं, बिलासोबत लीजहोल्डरचे हक्क आणि जबाबदाऱ्या सांगणारा ठरावीक मजकुराचा कागद हवा. तो नसेल तर १९८५ च्या कायद्याच्या कलम २१ब खाली तुम्ही पैसे थांबवू शकता, आणि त्या काळासाठी उशिराचं व्याज किंवा दंड लावता येत नाही. हे दोन्ही दोष एजंटला पुढे दुरुस्त करता येतात, म्हणजे बिल माफ होत नाही, फक्त थांबतं. तेवढ्या अवधीत हिशेब मागता येतो, हा खरा फायदा.

तिसरी गोष्ट तारखेची. एखादा खर्च होऊन अठरा महिने उलटल्यावर त्याची मागणी केली असेल, तर कलम २०ब नुसार तो वसूल करता येत नाही. त्या अठरा महिन्यांत 'असा खर्च झाला आहे, त्याची मागणी पुढे येईल' असं लेखी कळवलेलं असेल तर मात्र देणं लागतं. जुने एजंट जाऊन नवे आले की मागच्या तीन-चार वर्षांची 'थकबाकी' अचानक उगवते. अशा वेळी हे कलम आठवावं.

लीज सत्तर पानांची आहे. त्यात नेमकं काय शोधायचं?

प्रत हाताशी नसेल तर एचएम लँड रजिस्ट्रीकडून थोडं शुल्क भरून मिळते. मग पेन्सिल घेऊन बसा. कोणत्या कामांचा खर्च वसूल करता येतो, त्यात तुमचा हिस्सा किती (ठरावीक टक्के की 'योग्य हिस्सा'), हप्ते कधी, रिझर्व्ह फंड गोळा करायची मुभा आहे का आणि फ्रीहोल्डरचा वकिलीखर्च तुमच्यावर टाकता येतो का, एवढ्या जागा खुणा करून ठेवा. जे लीजमध्ये नाही ते मागता येत नाही. रिझर्व्ह फंडाबाबत हे विशेष लक्षात ठेवा. आपल्याकडे सिंकिंग फंड आदर्श उपविधींमध्येच लिहिलेला आहे, म्हणून तो सगळीकडे असणारच असं आपण धरून चालतो. इथे लीजमध्ये तरतूद असेल तरच तो घेता येतो, आणि फ्लॅट विकताना साधारणपणे परत मिळत नाही.

लीज किती भारी पडू शकते याचं उदाहरण वेल्समधल्या गाउर द्वीपकल्पातलं आहे. तिथल्या ऑक्सविच लेझर पार्कमधल्या काही शॅले-घरांच्या लीजमध्ये सर्व्हिस चार्ज पहिल्या वर्षी ९० पौंड आणि नंतर दरवर्षी चक्रवाढीने दहा टक्के वाढेल असं लिहिलं होतं. १९७० च्या दशकातल्या महागाईत हे कुणाला खटकलं नसावं. त्याच हिशेबाने २०७२ पर्यंत एकेका शॅलेचा वार्षिक चार्ज साडेपाच लाख पौंडांच्या वर जातो. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१५ मध्ये निकाल लागला : शब्द स्पष्ट आहेत, करार महागात पडला म्हणून न्यायालय तो बदलणार नाही. शिवाय रक्कम आधीच ठरलेली असल्याने, प्रत्यक्ष खर्चानुसार बदलणाऱ्या चार्जला जे संरक्षण मिळतं ते तिथे मिळालं नाही. म्हणून घर घेतानाच सॉलिसिटरला विचारा : चार्ज ठरावीक आहे की खर्चाप्रमाणे बदलणारा?

वर्षातून दोनदा पैसे भरले, तरी पुन्हा 'बॅलन्सिंग चार्ज' कसला?

वर्षाच्या सुरुवातीला येतं ते बजेट, म्हणजे अंदाज. त्यावर आगाऊ हप्ते घेतले जातात, बऱ्याच लीजमध्ये २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर या जुन्या इंग्लिश तिमाही तारखांपैकी दोनला. वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब येतो. खर्च जास्त झाला तर फरकाची मागणी, कमी झाला तर जमा. बजेट आणि अंतिम हिशेब शेजारी-शेजारी ठेवून वाचायची सवय लावा. एखाद्या बाबीत तीन वर्षं सलग बजेटपेक्षा बराच कमी खर्च होत असेल आणि तरी बजेट वाढतंच असेल, तर आगाऊ रक्कम वाजवीपेक्षा जास्त घेतली जाते आहे. आगाऊ रक्कमही वाजवीच असली पाहिजे, असं कलम १९ सांगतं.

ग्राउंड रेंट, म्हणजे लीजप्रमाणे फ्रीहोल्डरला द्यायचं जमिनीचं भाडं, ही निराळी रक्कम आहे, ती यात मिसळू नका.

मी तळमजल्यावर राहतो. लिफ्टचे पैसे का द्यायचे?

लीजमध्ये लिफ्टचा खर्च सगळ्यांत वाटायचा असं लिहिलं असेल तर द्यावे लागतात, वापरा किंवा नका वापरू. हा वाद ठाण्यातही ऐकला आहे, इथेही ऐकते. काही लीजमध्ये लिफ्टचा खर्च वेगळ्या तक्त्यात टाकून फक्त वरच्या मजल्यांवर लावलेला असतो. तुमच्या लीजमध्ये तसं असूनही बिलात पैसे आले असतील, तर ती सरळ चूक आहे.

विम्याचा हप्ता इतका का?

इमारतीचा विमा फ्रीहोल्डर काढतो, हप्ता आपण भरतो. ज्याला हप्ता भरायचा नाही तोच पॉलिसी निवडतो, आणि वर्षानुवर्षं दलालाकडून मिळणाऱ्या कमिशनचा वाटा फ्रीहोल्डरला किंवा एजंटला मिळत आला. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीच्या आगीनंतर हप्ते भडकले तसं हे कमिशनही वाढत गेलं, कारण ते हप्त्याच्या टक्केवारीत असतं. १४ जून २०१७ च्या त्या रात्री ७२ माणसं गेली. त्यानंतर उंच इमारतींचं सगळंच अर्थकारण बदललं. वित्तीय क्षेत्राचं नियमन करणाऱ्या एफसीएने ३१ डिसेंबर २०२३ पासून नियम बदलले. आता विमा कंपन्यांना आणि दलालांना लीजहोल्डरच्या हिताचाही विचार करावा लागतो, आणि पॉलिसी व कमिशनची माहिती लीजहोल्डरपर्यंत पोहोचावी यासाठी द्यावी लागते.

तुम्ही काय करायचं? १९८५ च्या कायद्याच्या परिशिष्टाखाली विम्याचा सारांश किंवा पॉलिसीची प्रत लेखी मागा. एकवीस दिवसांत द्यावी लागते. त्यात तीन गोष्टी पाहा : इमारत पुन्हा बांधण्याची रक्कम किती धरली आहे, ते मूल्यांकन केव्हाचं आहे, आणि कमिशन किती व कुणाला. आमच्या इमारतीत मूल्यांकन नऊ वर्षांपूर्वीचं निघालं, त्यावर दरवर्षी डोळे मिटून टक्के वाढवत नेले होते. नवं मूल्यांकन करून घेतलं तेव्हा हप्ता उतरला. सगळीकडे उतरेलच असं नाही, कधी इमारतीचा विमा कमी रकमेचा काढलेला असतो आणि हप्ता वाढतो. पण तेही कळलेलं बरं.

पावत्या दाखवा म्हटलं तर एजंट उत्तरच देत नाही. हक्क आहे का?

आहे, आणि हा हक्क मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ट्रायब्युनल, वकील हे सगळं पुढचं. बहुतेक चुका नुसत्या पावत्या पाहून सापडतात.

हे दोन टप्प्यांत होतं. आधी कलम २१ खाली मागच्या हिशेबी वर्षाच्या खर्चाचा सारांश लेखी मागायचा. तो एका महिन्यात, किंवा हिशेबी वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, यांपैकी जे उशिरा असेल तोवर द्यायला हवा. सारांश मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत कलम २२ खाली त्यामागची बिलं, पावत्या, हिशेबवह्या पाहायला मागायच्या. फ्रीहोल्डरने त्या एका महिन्यात खुल्या करायच्या आणि दोन महिने खुल्या ठेवायच्या. पाहायला पैसे लागत नाहीत, प्रती काढायला वाजवी शुल्क घेऊ शकतात. योग्य कारणाशिवाय हे टाळणं कलम २५ खाली गुन्हा आहे. पत्रात हे कलम नम्रपणे नमूद केलं की उत्तरं लवकर येतात, हा अनुभव आहे.

पत्र छोटं ठेवा : फ्लॅट क्रमांक, कोणत्या वर्षाचा हिशेब, कोणत्या कलमाखाली मागणी, उत्तर कोणत्या तारखेपर्यंत हवं. रागाचा एकही शब्द नको. ईमेल करा आणि तेच पत्र बिलावरच्या पत्त्यावर पोस्टानेही पाठवा. पोस्टात पाठवल्याचा दाखला मोफत मिळतो, तो जपून ठेवा.

आमच्याकडे सफाईच्या पावत्या पाहिल्या तेव्हा आठवड्याला दोन फेऱ्यांचे पैसे लावलेले दिसले. सफाईवाला एकदाच येतो हे जिन्यात राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं म्हणजे पुरावा नव्हे. पहिल्या मजल्यावरच्या पोलिश शेजारणीने आणि मी तीन महिने तारखांची वही ठेवली. सफाई कंपनीने जिन्याखाली लावलेल्या सहीच्या तक्त्याचे दर सोमवारी फोटो काढले. वही आणि फोटो पाठवल्यावर एजंटने त्या वर्षाची अर्धी रक्कम परत जमा केली. चढ्या आवाजात बोलावं लागलं नाही.

'वाजवी' म्हणजे नेमकं किती?

कायद्यात आकडा नाही. कलम १९ म्हणतं, खर्च वाजवीपणे केलेला असावा आणि काम वाजवी दर्जाचं असावं. याचा अर्थ सगळ्यात स्वस्त असा नाही. दोन योग्य पर्यायांतला महाग पर्याय फ्रीहोल्डर निवडू शकतो, फक्त त्याची निवड समंजस असली पाहिजे. म्हणून 'फार महाग आहे' एवढ्यावर भागत नाही. त्याच कामाची दुसऱ्या कंत्राटदाराची लेखी किंमत, शेजारच्या तशाच इमारतीचं बिल, निकृष्ट कामाचे तारखेसह फोटो, असं काहीतरी हाती हवं.

'सेक्शन २०' ची नोटीस आली आहे. घाबरायचं का?

घाबरू नका, पण बाजूलाही ठेवू नका, कारण घड्याळ सुरू झालेलं असतं. मोठ्या कामाआधी लीजहोल्डरांचं मत विचारणं कलम २० ने बंधनकारक केलं आहे. कुणा एका लीजहोल्डरच्या वाट्याला २५० पौंडांपेक्षा जास्त येणार असतील तर ही प्रक्रिया लागते, आणि २५० मध्ये व्हॅटही धरला जातो. आमच्या चोवीस फ्लॅटच्या इमारतीत सगळ्यांचा हिस्सा सारखा आहे, म्हणजे ६,००० पौंडांच्या वरचं कुठलंही काम. बारा महिन्यांहून लांबच्या करारांसाठी, उदाहरणार्थ लिफ्टच्या देखभालीच्या करारासाठी, मर्यादा प्रत्येकी वर्षाला १०० पौंडांची आहे.

पहिल्या नोटिशीत काम काय आणि का हे सांगतात. त्यावर मत द्यायला आणि आपल्या पसंतीचा कंत्राटदार सुचवायला तीस दिवस मिळतात. ही संधी फार थोडे लोक घेतात, आणि मला त्याची खरोखर हळहळ वाटते. कारण नंतर 'किंमत जास्त आहे' म्हणायला जे तुलनेचं माप लागतं, ते इथेच फुकट मिळू शकतं. ओळखीतला चांगला छप्परवाला असेल तर त्याचं नाव लगेच कळवा. दुसऱ्या टप्प्यात किमान दोन किमती तुमच्यासमोर ठेवतात. त्यांतली एक तरी फ्रीहोल्डरशी काहीही संबंध नसलेल्याची हवी. पुन्हा तीस दिवस. शेवटी सगळ्यात स्वस्त किंवा तुम्ही सुचवलेला कंत्राटदार सोडून दुसऱ्याला काम दिलं, तर त्याची कारणं कळवावी लागतात.

प्रक्रिया पाळली नाही तर फ्रीहोल्डरला माणशी फक्त २५० पौंड वसूल करता येतात. पण इथे एक वळण आहे. ट्रायब्युनल प्रक्रियेतून सूट देऊ शकतं. मसवेल हिलमधल्या एका इमारतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की, नियम मोडला एवढ्यावर प्रश्न मिटत नाही, नियम मोडल्यामुळे लीजहोल्डरांचं प्रत्यक्ष नुकसान काय झालं ते पाहायचं. तेव्हा 'नोटीसच आली नाही, आता २५० च देणार' असं गृहीत धरून बसू नका. नोटीस आली असती तर मी काय सुचवलं असतं आणि किती वाचलं असतं, हे सांगता आलं पाहिजे.

बिल पटत नाही. पैसे देणं थांबवू का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि यावर माझं मत पक्कं आहे : कागदातला दोष दाखवता येत असेल तरच थांबवा, नुसत्या रागापोटी थांबवू नका.

न भरल्यास आधी उशिराचं शुल्क, मग वकिलाचं पत्र, मग काउंटी कोर्टाचा दावा. अनेक लीजमध्ये त्या वकिलाचा खर्चही तुमच्याच माथी मारता येतो, आणि मूळ ८०० पौंडांच्या वादाचे तीन हजार होतात. दरम्यान एजंट तुमच्या बँकेला कळवतो. बँक स्वतःचं तारण सांभाळायला पैसे भरून टाकते आणि मॉर्गेजमध्ये जोडते. तुमचा वाद तिथेच संपतो, तुमचं म्हणणं कुणी न ऐकता.

लीज जप्त होण्याची भीतीही घातली जाते. ते इतकं सोपं नाही. रक्कम तुम्ही मान्य केलेली किंवा ट्रायब्युनलने अथवा कोर्टाने ठरवलेली असावी लागते, आणि ती ३५० पौंडांपेक्षा जास्त किंवा तीन वर्षांहून जुनी असावी लागते. पण धोका मुळीच नाही असं नव्हे.

यापेक्षा सुरक्षित वाट अशी : विरोध नोंदवून भरा. 'ही रक्कम वादग्रस्त आहे, मी ती मान्य करत नाही, हक्क राखून भरत आहे' असं त्याच दिवशी लेखी कळवा. नुसते पैसे भरले म्हणजे रक्कम मान्य केली असं होत नाही, हे कलम २७अ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. पण ईमेलमध्ये 'बिल बरोबर आहे, थोडी मुदत द्या' असं लिहिलंत तर ती मान्यता धरली जाऊ शकते. आपल्याकडची अदब अशी की आधी 'हो, तुमचं बरोबर आहे' म्हणायचं आणि मग अडचण सांगायची. ती इथे अंगाशी येते. सगळं बिल वादाचं नसेल तर निर्विवाद भाग वेळेवर भरून टाका.

ट्रायब्युनलकडे जायचं म्हणजे वकील लागेल?

लागतोच असं नाही. फर्स्ट-टियर ट्रायब्युनलचा प्रॉपर्टी चेंबर हे काम पाहतो. अर्जाचं शुल्क आणि सुनावणी झाली तर तिचं वेगळं शुल्क लागतं. उत्पन्न कमी असेल तर सवलत मागता येते. रक्कम देय आहे का, कुणी कुणाला, किती आणि केव्हा द्यायची, हे सगळं ते ठरवतात. खर्च अजून व्हायचा असेल तरी आधीच विचारता येतं. अर्जानंतर दोन्ही बाजूंना कागद सादर करायच्या तारखा मिळतात, आणि बहुधा एक तक्ता भरावा लागतो : बाब, रक्कम, तुमची हरकत, त्यांचं उत्तर. हा तक्ता नीट भरला तर निम्मं काम झालं. वीस बाबींवर हरकत घेण्यापेक्षा, पुरावा असलेल्या चार बाबी घ्या.

अर्जातच आणखी दोन मागण्या करायला विसरू नका : या खटल्याचा फ्रीहोल्डरचा खर्च पुढच्या सर्व्हिस चार्जमध्ये घालू नये (१९८५ च्या कायद्याचं कलम २०क), आणि तो तुमच्यावर स्वतंत्रपणेही लावू नये (२००२ च्या कॉमनहोल्ड अँड लीजहोल्ड रिफॉर्म अॅक्टचं परिशिष्ट ११). हे राहून गेलं तर जिंकूनही त्यांच्या वकिलाचे पैसे तुमच्याच बिलात येऊ शकतात.

त्याआधी 'लीझ' (LEASE) या सरकारी मदतीवर चालणाऱ्या सल्ला संस्थेकडून मोफत सल्ला घ्या. तक्रार हिशेबाची नसून एजंटच्या वागण्याची असेल, म्हणजे पत्रांना उत्तर न देणं, दुरुस्तीला महिनोन्महिने लावणं, तर आधी त्यांच्याकडे लेखी तक्रार करा आणि मग ते ज्या तक्रार-निवारण योजनेचे सदस्य आहेत तिच्याकडे. इंग्लंडमध्ये मॅनेजिंग एजंटला अशा योजनेचं सदस्यत्व सक्तीचं आहे.

एकट्याने भांडू की सगळ्यांना घेऊन?

सगळ्यांना घेऊन. दिवाळीत फराळाचं ताट घेऊन दारोदार जा, ओळखी तिथेच होतात. आमची असोसिएशन तशीच सुरू झाली. निम्म्या तरी फ्लॅटचा पाठिंबा असेल तर असोसिएशनला औपचारिक मान्यता मिळवता येते. मग सेक्शन २० मध्ये तिचं म्हणणं विचारावं लागतं आणि हिशेब तपासायला तिला सर्व्हेयर नेमता येतो.

एजंटच बदलता येईल का?

'राइट टू मॅनेज' ही त्याची वाट. २००२ च्या कायद्याने लीजहोल्डरांना व्यवस्थापन स्वतःकडे घेता येतं. फ्रीहोल्डरचा दोष सिद्ध करावा लागत नाही, त्याची संमतीही लागत नाही. त्यासाठी कंपनी काढावी लागते आणि किमान निम्मे फ्लॅट त्यात यावे लागतात. ३ मार्च २०२५ पासून हे सोपं झालं. खाली दुकानं किंवा ऑफिसं असलेल्या इमारतींत पूर्वी पंचवीस टक्क्यांपर्यंतच बिगर-निवासी जागा चालायची, ती मर्यादा आता पन्नास टक्के आहे, आणि फ्रीहोल्डरचा खर्चही सहसा आपल्याला भरावा लागत नाही. मात्र काउन्सिल (स्थानिक नगरपालिका) फ्रीहोल्डर असेल तर ही वाट नाही. आणि ज्यांच्याकडे दर महिन्याला दोन संध्याकाळी द्यायला वेळ नाही, त्यांनी आधी ती माणसं शोधावीत. व्यवस्थापन हातात आलं की गळक्या छपराची तक्रारही आपल्याच दारी येते.

क्लॅडिंग (इमारतीच्या बाहेरच्या भिंतींवरचं आच्छादन) काढण्याचा खर्च आमच्यावर आला तर?

२०२२ चा बिल्डिंग सेफ्टी अॅक्ट पाहा. इमारत किमान ११ मीटर उंच किंवा पाच मजली असेल आणि तुमची लीज 'क्वालिफाइंग' असेल, तर असुरक्षित क्लॅडिंगचा खर्च तुमच्याकडून घेता येत नाही. इतर सुरक्षादोषांच्या खर्चाला मर्यादा आहे : बहुतेकांसाठी लंडनमध्ये १५,००० आणि बाहेर १०,००० पौंड. फ्लॅटची किंमत कमी असेल तर काहीच नाही, दहा लाख पौंडांच्या वर असेल तर मर्यादा वाढते.

पात्रता १४ फेब्रुवारी २०२२ या दिवशीच्या परिस्थितीवर ठरते. तो फ्लॅट तुमचं मुख्य घर होता, किंवा तुमच्याकडे युनायटेड किंग्डममध्ये त्याच्यासकट तीनपेक्षा जास्त घरं नव्हती, यांपैकी एक पुरे. आपल्यातले बरेच जण इथे चुकतात. नाशिकचा वडिलोपार्जित वाडा आणि कोथरूडचा फ्लॅट यात मोजायचा नाही, मोजायची ती फक्त इथली घरं.

काउन्सिलचा फ्लॅट घेतला आहे. काउन्सिलला प्रश्न विचारता येतो?

हो, तेच कायदे. आयझलवर्थमधल्या आयव्हीब्रिज इस्टेटच्या खिडक्यांचं प्रकरण वाचण्यासारखं आहे. हाउन्स्लो काउन्सिलने खिडक्या आणि बाहेरचं आच्छादन बदललं, आणि एका लीजहोल्डरला ५५ हजार पौंडांच्या आसपास बिल आलं. अपील न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं की, दुरुस्ती वेगळी आणि सुधारणा वेगळी. करणं भाग नसलेल्या सुधारणेच्या वेळी स्वस्त पर्याय होता का, लीजहोल्डरांचं म्हणणं काय आणि त्यांच्या खिशावर किती भार पडतो, याला जास्त वजन द्यायला हवं. मोठं बिल आलं तर पहिला प्रश्न हाच विचारा : यात दुरुस्ती किती आणि सुधारणा किती? हप्त्यांची सोयही मागा.

२०२४ चा नवा कायदा आला ना? आता सगळं बदललं का?

लीजहोल्ड अँड फ्रीहोल्ड रिफॉर्म अॅक्ट २४ मे २०२४ रोजी मंजूर झाला. पण त्यातली कलमं टप्प्याटप्प्याने लागू होतात. राइट टू मॅनेजचे बदल वर सांगितलेच. बाकी एखादं कलम वापरण्याआधी ते लागू झालं आहे का, हे 'लीझ' संस्थेकडून विचारून घ्या.

आम्ही कायमचे पुण्याला परत आलो. लंडनचा फ्लॅट भाड्याने दिला आहे. काय सांभाळायचं?

पत्ता. बिलं, सेक्शन २० च्या नोटिसा, कोर्टाचे कागद हे सगळं लीजमध्ये सांगितल्याप्रमाणे बहुधा फ्लॅटच्याच पत्त्यावर जातं. भाडेकरू पाकिटं खिडकीत रचून ठेवतो. कोर्टाच्या दाव्याला उत्तर द्यायला सुरुवातीला चौदाच दिवस असतात. ते निघून गेले तर तुम्हाला न कळता तुमच्याविरुद्ध निकाल लागतो, आणि रक्कम बँकेच्या मॉर्गेजमध्ये जाऊन बसते. एका काकांना हे तब्बल दोन वर्षांनी कळलं, तेही फ्लॅट विकायला काढला तेव्हा.

म्हणून निघण्याआधी फ्रीहोल्डर आणि एजंट दोघांनाही भारतातला पत्ता आणि ईमेल लेखी कळवा, मिळाल्याची पोच मागा, आणि एजंट बदलला की पुन्हा कळवा. रॉयल मेलची टपाल पुढे पाठवण्याची सोय सुरुवातीला तरी घ्या. इमारतीतल्या एका शेजाऱ्याशी संपर्क ठेवा, जिन्यातल्या फलकाचा फोटो तो महिन्यातून एकदा पाठवेल. फ्लॅट भाड्याने द्यायला फ्रीहोल्डरची परवानगी लागत असेल तर तिचं शुल्कही वाजवी असावं लागतं. अव्वाच्या सव्वा मागितलं तर त्याविरुद्धही त्याच ट्रायब्युनलकडे अर्ज करता येतो, आणि अर्जात पत्ता पुण्याचा दिला तरी चालतो.